कर असू द्या, नाका हटवा

‘बाहेरून काही मागवू नका, कस्टमवाले लुटतात.’ हे वाक्य एकदा मीही तावातावाने म्हटले होते. ब्रिटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून दोन पुस्तके मागवली होती. कुरियरचा माणूस दारात आला आणि म्हणाला, आधी पैसे भरा, मग खोके घ्या. चिडून पैसे भरले. संध्याकाळी पावती नीट वाचली, तेव्हा कळले की राग भलत्यावरच काढला. छापील पुस्तकांच्या आयातीवर २०१९च्या अर्थसंकल्पाने ५ टक्के शुल्क बसवले. सरकारकडे गेलेली रक्कम त्याच बेताची होती. त्याहून मोठा भाग कुरियर कंपनीचा होता. हाताळणीचा आकार, आमच्या वतीने शुल्क आगाऊ भरल्याचा आकार आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पुस्तके विकत घेताना यातला एकही आकडा मला कुणी दाखवला नव्हता.

तेव्हापासून माझे म्हणणे एकच आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या वस्तूवर कर जरूर असावा, पण तो खरेदीच्या वेळीच, पूर्ण आणि स्पष्ट दिसावा. यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय माझी बाजू उभी राहत नाही.

पहिला आक्षेप ग्राहकांचा: सामान्य माणसाच्या लहानशा पार्सलवर कर हवाच कशाला? ऐकायला हे न्याय्य वाटते. पण अशी सवलत फार काळ सामान्य माणसाची राहत नाही. अमेरिकेने २०१६मध्ये करमाफीची मर्यादा २०० डॉलरवरून ८०० डॉलरवर नेली. वर्षाला १४ कोटींच्या आसपास असलेली अशी पार्सले २०२४मध्ये १३६ कोटींवर गेली. मावशीने भाचीला पाठवलेल्या साड्यांनी हा आकडा वाढला नव्हता. गोदामातला माल एकेक नग सुटा करून थेट गिऱ्हाइकाच्या नावे पाठवणाऱ्या कंपन्यांनी तो वाढवला. आपल्याकडेही ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना माफी होती. परदेशी संकेतस्थळांचा माल ‘भेट’ म्हणून येऊ लागला. अखेर डिसेंबर २०१९मध्ये सरकारने जीवरक्षक औषधे आणि राखी वगळता टपाल-कुरियरने येणाऱ्या करमुक्त भेटवस्तूंवर बंदी घातली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा दुकानदार तीच वस्तू जीएसटी भरून विकत असेल, तर समुद्रापलीकडच्या विक्रेत्याला माफी देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून करमाफीची मागणी मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या टोकाचा: मग मागवताच कशाला? इथलेच घ्या. स्वदेशीचा आग्रह मी मानतो, पण प्रत्येक गरजेला तो उत्तर नाही. बंद पडलेल्या यंत्राचा एखादा सुटा भाग, दुर्मीळ आजाराचे औषध, संशोधनाला लागणारे रसायन, कुठेच न मिळणारे पुस्तक ही चैन नव्हे. शिवाय सीमा दोन्ही बाजूंनी असते. आपण दार लावून घेतले की समोरच्यालाही तसेच करायला निमित्त मिळते, आणि मग कोल्हापूरच्या चपला, येवल्याची पैठणी आणि पुण्याचा फराळ त्याच्या दारात अडकतो.

तिसरे म्हणणे विक्रेत्यांचे: आम्ही पाठवणावळ घेतच नाही, ती फुकट आहे. विमान, गोदाम, माणसे यांचा खर्च कुणीतरी भरतोच. तो वस्तूच्या किमतीत मिसळला की गिऱ्हाइकाला दिसेनासा होतो. वजनाचा हिशेबही असाच न दिसणारा. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच खोक्यात चिवडा भरा. तराजूवर ते ४ किलो भरले, तरी विमानाने नेणारे कुरियर बहुधा लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,०००ने भागतात आणि ७.२ किलोचे पैसे लावतात. जागा अडवणाऱ्या वस्तूचे जास्त पैसे घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते खोके बांधून, पत्ता लिहून झाल्यावर हे सांगणे.

चौथा सल्ला आपल्याच नातलगांचा असतो: किंमत कमी लिही किंवा ‘गिफ्ट’ लिही, झाले काम. हा अप्रामाणिकपणा आहेच, पण तो महागही पडतो. खोके हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते, आणि अधिकाऱ्याला शंका आली तर तो मूल्य नव्याने ठरवतो, दंडही लावतो. प्रामाणिकपणे खरी किंमत लिहिणाऱ्याचे खोकेही मग संशयाने उघडले जाते.

उरतो तो सगळ्यांत वजनदार आक्षेप, कंपन्यांचा. प्रत्येक देशाचे दर वेगळे, हिशेबाच्या रीती वेगळ्या. एकूण शुल्क आधी सांगणार कसे? रीती वेगळ्या आहेत हे खरे. अमेरिका मुख्यतः मालाच्या किमतीवर शुल्क आकारते. आपल्याकडे वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या मूल्यावर ते लागते, म्हणजे पाठवणावळीवरही कर बसतो. पण हे सारे नियम लिहिलेले आहेत, आणि लिहिलेल्या नियमाचे गणित यंत्राला क्षणात करता येते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालाचा कर मोठ्या विक्रेत्यांकडून विक्रीच्या वेळीच घ्यायला सुरुवात केली. ब्रिटनने जानेवारी २०२१पासून १३५ पौंडांपर्यंत आणि युरोपीय संघाने जुलै २०२१पासून १५० युरोपर्यंत मूल्यवर्धित करासाठी तशी सोय केली. हे अशक्य असते तर इतक्या देशांत चालले नसते.

त्याहून जवळचा पुरावा आपल्या टपाल खात्याचा आहे. अमेरिकेने ३० जुलै २०२५च्या आदेशाने ८०० डॉलरची माफी रद्द केली आणि २९ ऑगस्टपासून ती संपली. महिनाभरात शुल्क कोण, कसे गोळा करणार हेच ठरेना. २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवावे लागले. जगभरातल्या अनेक टपाल खात्यांवर हीच वेळ आली. इकडे दिवाळी तोंडावर आलेली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, ती नव्या रीतीने: घोषित किमतीच्या ५० टक्के शुल्क पाठवणाऱ्याने इथेच खिडकीवर भरायचे आणि या सोयीसाठी खात्याने वेगळा आकार लावायचा नाही. ५० टक्के हा दर जाचकच होता. पण आई पुण्यात पैसे भरून मोकळी होत होती, आणि न्यू जर्सीत मुलीच्या दारात कुणी हात पसरून उभे राहत नव्हते. दर कितीही वाईट असला, तरी तो आधी सांगता येतो हे त्या खिडकीने सिद्ध केले.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. भारतीय ग्राहकाला माल विकणाऱ्या प्रत्येक परदेशी संकेतस्थळाने किंमत, पाठवणावळ आणि शुल्क धरून एकच अंतिम रक्कम आधी दाखवावी. कुरियरचा हाताळणी आकार सरकारी शुल्कापासून वेगळा छापावा, आणि आधी न सांगितलेला आकार वसूल करता येऊ नये. एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेल्या खऱ्या भेटीसाठी ओळखपत्राशी जोडलेली, वर्षाकाठी ठरावीक रकमेची माफी पुन्हा द्यावी. कुरियर आजही आपले ओळखपत्र मागतातच, त्याचा हा उपयोग व्हावा. आणि नियम बदलायचे असतील तर टपाल खात्यांना तयारीला पुरेसा अवधी द्यावा.

या मागण्या स्वप्नाळू वाटत असतील त्यांनी मुंबईच्या जकात नाक्यांची आठवण काढावी. दहिसरला, मुलुंडला ट्रकच्या रांगा लागत. नाका उठला तर पालिका बुडेल, असे तेव्हा म्हटले जाई. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि नाके उठले. मालावरचा कर राहिला, पालिका राहिली. गेली ती फक्त रांग. आपल्या घराच्या उंबरठ्यावर अजून असाच एक नाका उभा आहे. तोही उठवता येतो.