धावपट्टीच्या पुढचा प्रश्न

यवतमाळनजीक भारी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विमानतळ उभारला, त्याला जवाहरलाल दर्डा यांचे नाव मिळाले आणि 2009 मध्ये नांदेड, लातूर, धाराशिव व बारामती येथील विमानतळांबरोबर तो रिलायन्स समूहातील कंपनीकडे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सोपवण्यात आला. मात्र ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालणारी प्रवासी विमानसेवा यवतमाळकरांच्या वाट्याला अद्याप आलेली नाही. हे विमानतळ परत ताब्यात घेण्याची भूमिका राज्य सरकारने घेतल्यापासून भारीला विमान कधी उतरणार, ही चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ती स्वाभाविक असली तरी अपुरी आहे. पहिले विमान उतरवणे फारसे अवघड नसते, कारण त्या दिवशी मंत्री असतात, निधी असतो आणि उत्साहही असतो. ते विमान चौथ्या वर्षीही उतरत राहील काय, या प्रश्नाचे उत्तर आजच शोधले नाही तर भारीची गत राज्यातील इतर काही विमानतळांसारखी होईल.

लहान शहरांना हवाई नकाशावर आणण्यासाठी केंद्राने 2016 मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना आणली. विमानातील साधारण निम्म्या जागा सवलतीच्या दरात विकायच्या, एका तासाच्या प्रवासाचे भाडे सुरुवातीला अडीच हजार रुपयांच्या आसपास ठेवायचे आणि कंपनीचा खर्च व मिळकत यांतील खड्डा सरकारने भरून द्यायचा, असे या योजनेचे स्वरूप आहे. या भरपाईला ‘व्यवहार्यता तफावत निधी’ असे नाव असून तिचा 80 टक्के भार केंद्राच्या योजनेवर आणि 20 टक्के राज्यावर असतो. ती मिळते तीन वर्षे. तेवढ्या काळात प्रवाशांची सवय जडेल, विमाने भरू लागतील आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे गृहीतक त्यामागे आहे.

ते गृहीतक बहुतेक ठिकाणी खोटे ठरले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 मधील अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत, सुरू झालेल्या 371 पैकी केवळ 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यानंतर, मार्च 2023 अखेर, अवघे 54 मार्ग टिकून होते. महाराष्ट्राला हे आकडे नवे वाटू नयेत. नांदेडहून 2017 च्या एप्रिलमध्ये ट्रुजेटचे विमान उडाले. 2022 मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली आणि नांदेडला नियमित सेवा पुन्हा मिळण्यासाठी स्टार एअरची, म्हणजे 2024 ची, वाट पाहावी लागली. जळगाव-मुंबई मार्गावर डिसेंबर 2017 मध्ये 18-19 आसनी विमाने घेऊन उतरलेल्या एअर डेक्कनने 2020 मध्ये गाशा गुंडाळला. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून मार्च 2022 मध्ये सुरू झालेली फ्लायबिगची सेवा काही महिन्यांतच थांबली आणि डिसेंबर 2023 मध्ये इंडिगो येईपर्यंत तेथे शांतता होती. सिंधुदुर्गातील चिपीला ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई सेवा तीन वर्षांनंतर बंद पडली.

या अपयशांचे खापर एकट्या कंपन्यांवर फोडणे सोपे असले तरी योग्य नाही. मोठ्या विमानतळावर विमान उतरण्या-उडण्यासाठी नेमून दिलेल्या वेळेला ‘स्लॉट’ म्हणतात. मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर 19 आसनी विमान जेवढा स्लॉट खाते तेवढाच 180 आसनी विमानही खाते, त्यामुळे लहान विमानाच्या वाट्याला गैरसोयीच्या वेळा येतात आणि पहाटे जाऊन रात्री परतता येत नसेल तर व्यापारी प्रवासी रेल्वेकडे वळतो. शिवाय जेमतेम दोन-चार विमाने बाळगणाऱ्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले की सारे वेळापत्रक कोसळते, फेऱ्या रद्द होतात आणि एकदा फसलेला प्रवासी दुसऱ्यांदा तिकीट काढत नाही.

यवतमाळचा विचार याहून बारकाईने करावा लागेल. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या, सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील सगळेच लोक भारीला येणार नाहीत. वणी आणि झरी जामणीच्या माणसाला नागपूर सोयीचे आहे, उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडते आणि एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान जात असल्याने नेर-बाभूळगावच्या प्रवाशाला तोही पर्याय खुला झाला आहे. उरलेला प्रवासी यवतमाळ, घाटंजी, आर्णी, दारव्हा, दिग्रस आणि पुसद या पट्ट्यातला. सत्तर आसनी एटीआर विमान त्याच्या जोरावर रोज भरणे कठीण; नऊ ते एकोणीस आसनी विमान मात्र भरू शकते. ओडिशात जेपूर आणि उत्केला या दूरच्या गावांना नऊ आसनी सेसना कॅराव्हान विमानांनी राजधानी भुवनेश्वरशी जोडले गेले, हे उदाहरण विदर्भाने नीट अभ्यासावे.

ज्या जिल्ह्यात एसटीची फेरी रद्द झाली की शाळकरी मुलींचा दिवस बुडतो, कापसाचा भाव पडला की घरची चूल मंदावते, तेथे विमानासाठी सरकारी पैसा का खर्चावा, हा आक्षेप टाळता येणार नाही आणि टाळूही नये. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातील अधिकारी किंवा लोहाऱ्याच्या डेनिम कारखान्याचा खरेदीदार यांच्या सोयीसाठीच ही सेवा असेल तर तिला सार्वजनिक पैसा देण्याचे कारण नाही. ते कारण निर्माण होते ते विमान जिल्ह्याच्या गरजेला जुंपल्यावर. जुलै 2023 च्या महापुरात महागाव तालुक्यातील आनंदनगर पाण्याने वेढले गेले तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना बाहेरून पाचारण करावे लागले. 2017 मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक जणांचे प्राण घेतले, तेव्हा वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर केवढा ताण आला होता, हे जिल्हा विसरलेला नाही. नागपूरपर्यंतच्या सुमारे दीडशे किलोमीटरसाठी रस्त्यावरची रुग्णवाहिकाच बरी. पण त्यापलीकडे पुण्या-मुंबईला न्यावयाचा रुग्ण, तातडीची औषधे, प्रत्यारोपणासाठी पाठवायचा अवयव यांना भारीची धावपट्टी खरी उपयोगी पडेल, आणि त्यासाठी तेथे रात्री विमान उतरवण्याची सोय आधी हवी.

दूरच्या वस्त्यांची विमानसेवा टिकवण्याचा प्रश्न नॉर्वेने कधीच बाजारावर सोपवला नाही. तेथील उत्तर किनाऱ्यावरच्या छोट्या वस्त्यांकडे जाणारे मार्ग सरकार निविदा काढून ठरावीक वर्षांसाठी विकत घेते, आठवड्यात किती फेऱ्या आणि कमाल भाडे किती हे करारातच लिहिते आणि जेमतेम 800 मीटरच्या धावपट्ट्यांवर विडेरो कंपनीची लहान विमाने रुग्णांना मोठ्या रुग्णालयांकडे नेतात. करार संपला की नवी निविदा निघते; सेवा बंद पडत नाही. आपल्याकडे 1981 मध्ये स्थापन झालेल्या ‘वायुदूत’ने सार्वजनिक सेवेचा प्रयोग केला खरा, पण ठिकाणे वाढत गेली, तोटा साचत गेला आणि 1993 मध्ये ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तेथे कमी पडला तो हेतू नव्हे, तर मार्गागणिक हिशेब आणि उत्तरदायित्व असलेला करार.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’मधून 120 नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली असून डोंगराळ, ईशान्येकडील आणि आकांक्षित जिल्ह्यांतील लहान विमानतळांना साहाय्य देण्याचा त्यात उल्लेख आहे. शेजारचा वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, यवतमाळ नाही. तेव्हा दिल्लीच्या यादीवर विसंबून बसणे परवडणारे नाही. सोलापूर-पुणे-मुंबई मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये स्वतःच्या तिजोरीतून तफावत निधी मंजूर केलाच आहे. तोच न्याय भारीला लावताना मुदत तिथल्यासारखी एका वर्षाची नको, किमान पाच वर्षांची हवी. विमान लहान हवे. रद्द फेरीला दंड आणि रुग्णासाठी राखीव जागा करारात असाव्यात. नव्याने सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर सकाळ-संध्याकाळचे स्लॉट राज्याने आग्रहाने मागून घ्यावेत. आणि पुसद, दिग्रस, घाटंजीहून विमानाच्या वेळेला धरून एसटीची गाडी भारीपर्यंत सोडावी. हा करार जनतेसमोर मांडण्यापूर्वी उद्‌घाटनाची तारीख जाहीर करण्याची घाई सरकारने करू नये.