सांभाळून घेताना

सोमवारी सकाळी कार्यालयात फोन येतो. ‘साहेब, यांना ताप आलाय, आज येणार नाहीत.’ ताप नाही हे फोन करणाऱ्या पत्नीला ठाऊक असते आणि फोन घेणाऱ्या हेडक्लार्कलाही. तरी ‘बरं, काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवला जातो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याच्या फायली उरकून टाकतो. माणूस मनाने चांगला, मुले शिकताहेत, नोकरी जाता कामा नये, एवढीच सगळ्यांची इच्छा. काही वर्षांनी हाच माणूस डोळे पिवळे, पोटात पाणी भरलेले अशा अवस्थेत सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात दाखल होतो. तेव्हा कळते, की त्याच्या पिण्याची कल्पना सोबतच्या प्रत्येकाला होती.

याला आपण ‘सांभाळून घेणे’ म्हणतो. शब्द प्रेमळ आहे, पण दारूच्या व्यसनात तो घात करतो. खाडा भरून निघतो, उधारी भाऊ फेडतो, रस्त्यात पडला तर मित्र घरी आणून सोडतात. पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग आपले काही बिघडले आहे, असे त्याला वाटावे तरी कसे?

एक दिवस सगळ्यांचा संयम संपतो आणि गाडी दुसऱ्या टोकाला जाते. चारचौघांत अपमान होतो, नाहीतर ‘दोन दिवस कोंडला की सुटेल’ म्हणून खोलीला बाहेरून कडी लागते. हे जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. बंद खोलीत हे पाहायला कोणी नसते. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेप्रमाणे गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन.

तिसरा मार्ग चोरून औषध देण्याचा. ‘त्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. डायसल्फिरामसारखे औषध भाजीत मिसळले आणि वर त्याने दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. शिवाय ही लबाडी उघड झाली, की तो घरचा चहासुद्धा संशयाने पितो. ज्या विश्वासावर पुढचा सगळा उपचार उभा राहायचा, तोच जातो.

खरी करुणा यापेक्षा अवघड असते. तो शुद्धीत असताना, एकट्याला गाठून, ज्याचे तो ऐकतो अशा एकानेच बोलावे. ‘तू बेवडा झालास’ असे नाही, तर डोळ्यांनी पाहिले तेवढेच. ‘या महिन्यात तीन सोमवार तू आला नाहीस. तुझ्या फायली मी केल्या. यापुढे करणार नाही. पण दवाखान्यात तुझ्याबरोबर येईन.’ शेवटच्या दोन वाक्यांपैकी एक गाळले, तर उरते ती नुसती धमकी किंवा नुसता लाड. मात्र तो बस किंवा यंत्र चालवत असेल, तर बोलणे नंतर. आधी त्या दिवशी त्याला कामावरून उतरवलेच पाहिजे. आणि तो घरात हात उगारत असेल, तर पत्नीला समजूतदारपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, त्यासाठी १८१ किंवा ११२ हे क्रमांक.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही दारूच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरतो. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. उपचारानंतर अनेकजण पुन्हा पितात. साखर वाढलेल्या मधुमेहीला कोणी घराबाहेर काढत नाही, त्याचे औषध पुन्हा पाहिले जाते. इथेही तेच करायचे.

‘मी फोन केला नाही आणि यांची नोकरी गेली तर?’ ओपीडीत पत्नी विचारते. भीती खोटी नाही. पण एका खाड्याने सहसा नोकरी जात नाही, आधी मेमो येतो. पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात तो घडी घातलेला मेमो असतो.