होडी दिली, पाणी कुठे?



पावसाळ्यातल्या सुट्ट्या दोन प्रकारच्या. एक कॅलेंडरवर छापलेली. ती आधी माहीत असते, तिची तयारी करता येते. दुसरी न सांगता येते. हवामान खात्याचा रेड अलर्ट लागतो, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्री मोबाइलवर फिरतो आणि सकाळी शाळा, अंगणवाडी सगळं बंद. शहरात निदान एखाद्या दुकानापर्यंत चक्कर तरी मारता येते. आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावात दार उघडलं की समोर पाणी, मागे पाणी आणि वर कौलांवर पाणी. लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. घरात चार वर्षांचा, अडीच वर्षांची आणि सुट्टीला आलेला सहा वर्षांचा अशी तीन लेकरं असली, तर दुपारपर्यंत घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला येतो.

या महिन्यात अशा दिवसांबद्दल लिहायचं ठरवलं, त्याला एक कारण आहे. ते आधी सांगते, खेळ नंतर.

गेल्या वर्षीचा जुलै. आमचं गाव बाणकोट खाडीच्या काठावर. पावसाचा तिसरा दिवस होता. नातवाला गुंतवायला म्हणून मी जुन्या वर्तमानपत्राच्या सात होड्या करून दिल्या. त्याने त्या ओळीत लावल्या, मोजल्या, आणि विचारलं, “दादी, पाणी?” मी म्हटलं, “पाऊस थांबला की सोडू.” जुलैत आमच्याकडे पाऊस थांबतो थोडाच! त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, “नंतर.”

जोहरची वेळ झाली. मी वुजूला गेले. सूनबाई चुलीपुढे होती, मोठा नातू फोनमध्ये. प्रत्येकीला वाटलं, लेकरू दुसरीजवळ आहे. मागच्या दाराची कडी काढलेली होती. आमच्या घरामागे पऱ्या आहे. उन्हाळ्यात कोरडा, जुलैत माझ्या गुडघ्याच्या वर पाणी. म्हणजे त्याच्या छातीपर्यंत, आणि तेही धावतं. शेजारचे चाचा वाडीतलं पाणी काढून द्यायला आले होते, म्हणून त्यांना तो दिसला. काठावर उकिडवा बसून, वाकून होडी पाण्यात सोडत होता. चाचांनी मागून उचलला आणि घरी आणून दिला. अल्लाहचा शुक्र, मुठीतल्या होडीचा लगदा झाला होता, इतकंच. तो रडत होता, पण घाबरून नव्हे. होडी सोडायची राहिली म्हणून.

संध्याकाळी रेंज आली तेव्हा मस्कतहून मुलाचा फोन आला. लपवायचं मनात आलं होतं, पण सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अम्मी, मलाही तू ‘नंतर’च म्हणायचीस.”

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. लेकराने काय चूक केली? मी त्याला होडी दिली आणि पाणी दिलं नाही. अर्धा खेळ हातात दिला, उरलेला अर्धा तो शोधायला गेला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: लहान मुलाला खेळ द्यायचा तर पुरा द्यायचा, आणि तो संपेपर्यंत एका मोठ्या माणसाने तिथेच बसायचं. “तू खेळ, मी आलेच” असं म्हणायचं नाही.

घमेलं आणि पागोळ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत घमेलं ठेवलं. दोन बोटं पाणी, त्यात होड्या, नारळाची करवंटी, एक पान, एक चमचा. काय तरंगतं, काय बुडतं? चमचा बुडाला तेव्हा अडीच वर्षांच्या नातीने हात घालून तो दहा वेळा वर काढला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

पागोळ्यांखाली वेगवेगळी भांडी ठेवून बघा: पातेलं, पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बादली, करवंटी. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मुलांना डोळे मिटायला सांगा आणि विचारा, आता कोण वाजतंय? भांडं भरत आलं की आवाज बदलतो, तेही त्यांना कळतं.

सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला पाऊस मोजायला द्या. सरळ भिंतीचा काचेचा ग्लास उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून दूर ठेवायचा. सकाळी साडेआठला पट्टी लावून पाणी किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहायचं. हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. आमच्या मोठ्याला हे सांगितल्यापासून तो स्वतःला साहेब समजू लागला. चार वर्षांचा आकडे लिहू शकत नाही, तो ग्लासाभोवती पाण्याच्या उंचीवर रबर चढवतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अगदी लहान मूल काही बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही. म्हणून घमेल्याजवळ मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. खेळ संपला की पाणी ओतून घमेलं आणि बादल्या पालथ्या घालायच्या. मागच्या दाराला मुलांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी बसवा. आमच्याकडे ती दुसऱ्याच दिवशी बसली. विजा कडाडत असतील किंवा वारा सुटला असेल, तर पडवीतला खेळ बंद. सगळ्यांनी माजघरात.

आगोटीतले खेळ

आपल्या कोकणातल्या घरांत पावसाआधी आगोटीची बेगमी होते. त्या डब्यांत निम्मे खेळ भरलेले असतात.

सगळ्यांत आवडता खेळ कडव्या वालांचा. पहिल्या दिवशी मुलांच्या हातूनच वाल भिजत घाला. दुसऱ्या दिवशी पाणी काढून फडक्यात बांधा. रोज फडकं सोडून दाखवा, मोड किती आला? मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसवा. बोटांनी दाबलं की डाळिंबी सालातून टुणकन बाहेर उडते. त्या उडण्याला आमच्याकडे तिघंही खदखदून हसतात. बोटांना कसरत होते, मोजणी होते, आणि रात्री ताटात बिरडं आलं की “हे मी सोललं” म्हणून तेच पोर मुकाट्याने जेवतं, ज्याला एरवी फोन दाखवल्याशिवाय घास जात नाही.

भाकरीसाठी उकड काढली की एक गोळा मुलांसाठी ठेवा. निवला की हातात द्या. साप, चांद, होडी, काय वाटेल ते करू द्या. मळलेला हात आणि पांढरी जमीन सोसायची आपली तयारी हवी, एवढंच.

तीन वर्षांखालच्या मुलांपुढे वाल, चिंचोके, मणी, शेंगदाणे ठेवू नका. ते तोंडात जातात आणि घशात अडकतात. दवाखाना लांब आणि रस्त्यावर पाणी, अशा दिवशी तर मुळीच नको. आमच्या धाकटीला वालांऐवजी टोपातून टोपात पाणी ओतायचं काम असतं. आणि कच्च्या काजूच्या बिया कोणत्याच मुलाला खेळायला देऊ नका. टरफलातला चीक कातडी भाजतो.

झावळीची पिपाणी, खाटेची होडी

वाऱ्याने अंगणात झावळी पडली असेल, तर पाऊस ओसरल्यावर मोठ्या माणसाने ती आत आणावी. नारळाच्या पातीची पिपाणी, भिरभिरं, घड्याळ, अंगठी हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्यांना येतं. येत नसेल तर शेजारच्या काकूंना येत असेल, विचारा. माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं, मी सुनेला. यात मुलाने करायचं काम थोडं आणि बघायचं काम जास्त, पण लहान मुलं हात बघून फार शिकतात.

मग खाट उलटी करा, पायांना ओढणी बांधा, झाली होडी. आमच्याकडे या होडीवरून गप्पा निघतात. खऱ्या होड्या किनाऱ्यावर शाकारून का ठेवल्यात? कारण समुद्र खवळलेला असतो, आणि हे दिवस माशांच्या अंड्यांचे, पिल्लांचे. म्हणून राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. चार वर्षांच्या मुलाला हे एवढं कळतं: “माशांच्या बाळांना मोठं होऊ द्यायचंय.” दुसऱ्या दिवशी तो सूनबाईला विचारत होता, “अम्मी, माशांनाही पावसाची सुट्टी?”

दिवस कसा लावायचा

या वयात कोणताही खेळ दहा-पंधरा मिनिटं टिकला तरी पुष्कळ. म्हणून एक उड्यांचा, एक बसायचा, एक पाण्याचा, असा आलटून पालटून क्रम ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी एकूण तीन तास तरी हालचाल व्हावी. एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभरापेक्षा जास्त नको. तीन तास ऐकून घाबरू नका. माजघरातून ओटीवर बेडूकउड्या, उशांवरून चालणं, घर झाडायला केरसुणी धरणं, सगळं त्यात आलं.

मगरिबनंतरचा वेळ अवघड. अंधार, लाईट नाही, मुलं चिडलेली. तेव्हा बॅटरी आणि भिंत. हाताचा कुत्रा, पक्षी, खेकडा. मग घरातल्याच गोष्टी सांगा: अब्बा लहान असताना विहिरीत कळशी कशी पडली, दादा पहिल्यांदा मुंबईला कसे गेले. ज्या घरातले अब्बा परदेशात आहेत, तिथे या गोष्टींची गरज जास्त आहे. रेंज असेल तेव्हा पागोळ्यांचा आवाज फोनमध्ये भरून ठेवतो आणि मस्कतला पाठवतो. फोनचा हा उपयोग मला मान्य आहे.

सगळं रोज जमतं का? नाही. कधी मीही फोन हातात देऊन पाठ टेकते. घरातल्या कामांचा डोंगर कुणाला चुकलाय? पण एक काम एकीने करायचं आणि दुसरीने मुलांपाशी बसायचं, ही वाटणी आम्ही सासू-सुनेने तेव्हापासून मोडलेली नाही. उठायचं झालं तर तोंडाने सांगायचं, “मी उठले, आता तू बघ.” आणि दुसरीने “बघते” म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरातल्या पुरुषांनाही हाच नियम.

या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी नातू स्वतःच घमेलं ओढत पडवीत आला. मी तांदूळ निवडत होते. “दादी, पाणी?” त्याने विचारलं.

तांदळाचं सूप बाजूला ठेवून मी उठले.

तुमच्या घरातले पावसाळी खेळ आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.