वाळवंटांतील पायीं प्रवास : घरीं बसून करावयाचा हिशेब

मुलगा अमेरिकेंत, आणि उन्हाळ्याच्या सुटींत घरच्या मंडळींनीं त्याजकडे जावयाचें, हा आतां पुष्कळ घरांतला परिपाठ झाला आहे. आमच्या एका वाचकांकडे असाच बेत चालला असून, जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील ‘डेथ व्हॅली’ राष्ट्रीय उद्यानांत तीन दिवस तंबू ठोकून राहावें व पायीं हिंडावें, असा मुलांचा आग्रह आहे. ६८ वर्षांचे आजोबाही निघाले आहेत. आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर बेत उत्तम आहे. महिना मात्र चुकला आहे.

१९१३ सालीं जुलैच्या १० तारखेस येथें ५६.७ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली. जगांतील सर्वोच्च नोंद म्हणून ती आजही मानली जाते. दरीचा तळ समुद्रसपाटीहून ८६ मीटर खालीं, भोंवतीं उंच डोंगर. त्यामुळें तापलेली हवा कोंडून राहते व रात्रींही अंग निवत नाहीं. तेथील मूळचे टिंबिशा शोशोनी लोकदेखील उन्हाळ्यांत तळ सोडून डोंगरावर जात असत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनीं जें टाळलें, तें पाहुण्यांनीं कां करावें? नोव्हेंबर ते मार्च हाच काळ योग्य. तेव्हां रात्रीं थंडी असते, म्हणून लोंकरीचे कपडे घ्यावे. सुटी बदलणें अशक्यच असल्यास सकाळीं लवकर मोटारींतून दरी पाहून परतावें.

पाणी माणशीं दररोज निदान ४ लिटर लागतें. पांच माणसें, तीन दिवस, म्हणजे ६० लिटर. चालावयाचें असल्यास त्याहून अधिक. कोंकणांत घाम अंगावर दिसतो. येथें तो येतांच सुकतो, म्हणून तहानेची वाट पाहूं नये. पाण्याबरोबर चिवडा, खारे शेंगदाणे असें कांहीं खारटही खात असावें. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रांत ठोकूं नये. दूर डोंगरावर पाऊस झाला तरी तेथें लोंढा येतो. भ्रमणध्वनि बहुतेक ठिकाणीं चालत नाहीं. तेव्हां कोठें जाणार व केव्हां परतणार, हें लिहून मागें राहणाऱ्यांपाशीं ठेवावें.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांसाठीं. मुलांचा विरस नको म्हणून थकलेले आजोबा बोलत नाहींत, आणि त्यांचा मान राखावा म्हणून मुलें विचारीत नाहींत. घरीं हा संकोच शोभतो. वाळवंटांत तो जिवावर बेततो. म्हणून निघण्यापूर्वींच ठरवावें, कीं अर्धें पाणी संपत आलें, किंवा एकानेंही ‘पुरे’ म्हटलें, तर सर्वांनीं मागें फिरावें. आणि तें ‘पुरे’ म्हणण्याचा पहिला मान आजोबांनीं निःसंकोच घ्यावा.