कॉम्प्युटर चालू आहे तोवरच

नवागाम-डिंडोलीतल्या आपल्या मंडळींना एक विनंती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने सुरतेत आलेल्या कितीतरी घरांत आज एखादा जुना कॉम्प्युटर आहे. कुणाच्या त्यात एम्ब्रॉयडरीच्या डिझाईन, कुणाच्या साड्यांच्या जॉबवर्कचा हिशेब, कुणाच्या लग्नाचे फोटो. एके दिवशी तो सुरूच होत नाही. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल." संध्याकाळी तो नवाकोरा होऊन घरी येतो, आणि फोटोंची जागाही कोरीच.

माझं असंच झालं. "डी ड्राइव्हला हात लावू नका" असं मी सांगितलं होतं, तरी तोही पुसला गेला. निम्मी चूक माझी. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळालं तर कप्पा कुठला वाचणार? म्हणून फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर ठेवा. हे काम आधी, बाकीचं नंतर.

मग विंडोज पुन्हा टाकण्यासाठी बूट पेनड्राइव्ह करा, आणि तो आजच करा. बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर तो करता येत नाही. शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. किमान 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात असू द्या. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, पुढचं काम ते स्वतः करतं. काही जीबी नेट लागतं, तेव्हा मोबाइलच्या डेटावर सुरू करू नका. सीडी-डीव्हीडीचा आग्रहही सोडा. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात, विंडोज 11 ची फाइल त्याहून मोठी आहे.

विंडोज 10 ची नेहमीची अपडेटं 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या मशीनमध्ये नसेल तर विंडोजच्या जागी टाकायला लिनक्स मिंट फुकट मिळतं. पण त्याची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होणार नाही. रुफससारख्या प्रोग्रामने ती लिहावी लागते. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर चालतात का ते तेव्हाच तपासा. डिझाईनचं सॉफ्टवेअर मात्र बहुधा विंडोजचंच असतं, त्यामुळे कारखान्याच्या मशीनवर घाई नको.

पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करताच एफ12, एफ9 किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबलं की बूट मेनू येतो. त्यात पेनड्राइव्ह निवडा. मूळ विंडोज अस्सल असेल आणि तीच आवृत्ती, होम की प्रो, पुन्हा टाकली, तर प्रॉडक्ट की विचारल्यावर "माझ्याकडे नाही" म्हटलं तरी चालतं. परवाना मशीनशी जोडलेला असतो, नेट लागलं की ओळखला जातो. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवा. आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर थांबा. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर ती काढून मगच पुढे जा.

पेनड्राइव्ह झाला की त्यावर चिकटपट्टी लावून "विंडोज, पुसू नये" असं लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा. नाहीतर लग्नसराईत गावी निघताना कुणीतरी त्यात डीजेची गाणी भरून नेईल.