उसाची नोंद आहे, गाण्याची कुठंय?

नीरेकाठचं गाणं / टाळकरी

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हल्ली दर आठवड्याला कुणाचं तरी गाणं 'येतंय'. आधी स्टेटसला पोस्टर, मग टीझर, मग त्या टीझरची आठवण करून देणारा प्रोमो, आणि खुद्द गाण्याच्या दिवशी दिलेली वेळ टळली की 'तांत्रिक अडचणीमुळे थोडा उशीर' म्हणून हात जोडलेली इमोजी. भवानीनगरचा रॅप, वालचंदनगरचं प्रेमगीत, भिगवणकडचं कोळीगीताच्या ठेक्यावरचं काहीतरी, आणि हलगी तर सगळ्यातच. कंपनी नाही, लेबल नाही. पैसा घरच्या उसाच्या बिलातला, नाहीतर प्लॉटिंगवाल्या एखाद्या शेठचा. मला हे सगळं मनापासून आवडतं. गाणी बरी असतात, कधीकधी फार चांगली असतात. पण या पोरांची तयारी बघितली की एकाच ठिकाणी जीव अडकतो. ड्रोन ठरलेला असतो, ट्रॅक्टर सजवलेला असतो, जॅकेट शिवलेलं असतं, आणि गाणं नेमकं कुणाचं हे कुठंही लिहिलेलं नसतं.

याच पोरांच्या घरचा उसाचा कारभार बघा. आडसाली लागण झाली की कारखान्याच्या चिटबॉयकडे नोंद होते. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात ८६०३२ की २६५. त्या तारखेवर तोड ठरते. तोड लांबली तर वडील शेती खात्यात जाऊन नोंदवहीत बोट ठेवून भांडतात. काट्यावरच्या वजनपावत्या आजोबा पेटीत जपून ठेवतात, चार हंगाम उलटले तरी. उसाच्या बाबतीत इतकं कागदी असलेलं घर गाण्याच्या बाबतीत एकदम दिलदार होतं. 'आपल्या आपल्यात काय लिहून घ्यायचं?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते एखाद्या गाण्याचं ध्रुवपद करावं. गाणं पडलं तर हा दिलदारपणा शोभून दिसतो. गाणं चाललं की आठ दिवसांत मित्र एकमेकांना ब्लॉक करतात.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन वेगळ्या मिळकती धरतो. गायकाचा कलावंत म्हणून हक्क त्यावर आणखी वेगळा. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची, आणि ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन करवून घेतलं त्याचं. तासाचं भाडं घेऊन माईक लावून देणारा स्टुडिओवाला तेवढ्यावरून मालक होत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराने सगळे हक्क लिहून दिले, तरी सिनेमागृहातला वापर सोडून बाकी रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडेच राहतो. तो सोडून देतो म्हटलं तरी सुटत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत याच गोष्टीसाठी भांडले होते. हे आपल्याकडच्या किती गीतकारांना माहीत आहे? पाचशे रुपये आणि एक चहा यावर गाणं लिहून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे.

आणखी एक कलम मला फार उपयोगाचं वाटतं. हक्क देणं-घेणं लेखी आणि सहीचंच लागतं. 'जा, दिलं तुला' चालत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर कंपन्यांच्या छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द असतात. पृथ्वीवर त्यांचं भागत नाही. सही करण्याआधी हे दोन शब्द तेवढे शोधावेत आणि त्यांच्या जागी वर्षांचा आकडा आणि प्रदेशाचं नाव घालून मागावं. मिळेलच असं नाही, पण मागणाऱ्याकडे समोरचा जरा नीट बघतो.

मग कागद कसा असावा? फुलस्केप पुरतो. वर गाण्याचं नाव, देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, आणि जे स्पेलिंग इथे तेच सगळीकडे. नाहीतर एकाच गायकाची तीन प्रोफाइलं तयार होतात आणि ऐकणारे तिघांत वाटले जातात. खाली शब्द कुणाचे, किती टक्के. चाल कुणाची, किती टक्के. अरेंजरने नुसता ट्रॅक भरला की चालीतही हात घातला, त्याचा निकाल इथेच लावायचा, कारण पुढचं निम्मं भांडण त्याच्याशीच होतं. ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची आणि त्यातला वाटा कुणाकुणाला. शेठने पैसे दिले ते कर्ज म्हणून, भागीदारी म्हणून, की नुसतं 'प्रस्तुत' म्हणून नाव लागावं यासाठी? आणि हलगीवाला: मानधन किती, कोणत्या तारखेला दिलं, श्रेयनामावलीत नाव आहे की नाही. परवा एक गाणं बघितलं. सुरुवात हलगीने, मधला तुकडा हलगीचा, शेवटी हलगीच. गाण्याखालच्या मजकुरात मात्र शुभेच्छुकांची डझनभर नावं, कॅमेरा साहाय्यकाचं नाव, जेवणाची सोय करणाऱ्या हॉटेलचं नाव. हलगी कुणी वाजवली, पत्ता नाही.

गंमत म्हणजे नावाची काळजी घेणं ही याच मातीतली जुनी रीत आहे. कवी मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीत आले, पेशव्यांचे सोयरे बाबूजी नाईक यांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४मध्ये इथेच गेले. लिहायचं काम त्यांचं, गावोगाव पोचवायचं काम हरदासांचं. सोलापूरचे राम जोशी लावणीच्या फडातून कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांच्या तोंडी बसवल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे लिहिणारा एक, पैसा पुरवणारा दुसरा, वितरण तिसऱ्याकडे. छापखाना नसताना पंतांचं नाव हरवलं नाही, कारण त्यांनी ते रचनेतच ओवलं होतं. संतांची नाममुद्रा, शाहिराच्या शेवटच्या कडव्यातली छाप, हे सगळं त्याच जातीचं. गाणाऱ्याने गाणं चोरायचं म्हटलं तरी चोरलेल्या मालात मालकाचं नाव शिवलेलं. ही सोय मधेच सुटली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, छगन चौगुले यांचे आवाज यात्रेतल्या स्टॉलवर पोचले, ते फार मोठं काम झालं. पण आवाज आठवतो, लिहिणारा आठवत नाही. एकरकमी पैसे घेऊन मोकळे झालेल्या अशा गीतकारांची यादी कुणी केली तर मोठा ग्रंथ होईल.

आता वारीच्या गाण्यांविषयी, कारण त्यांत एक चूक आपल्याकडे दर आषाढीला होते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी मुक्काम करत जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीला अश्वांचं. चित्रीकरणाला याहून चांगली जागा नाही, त्यामुळे गाणी भरपूर निघतात. अभंगाचे शब्द साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचे, त्यावर कुणाचा हक्क नाही, हे खरं. पण चाल? लताबाईंनी गायलेल्या तुकोबांच्या अभंगांना चाली देणारे श्रीनिवास खळे २०११मध्ये गेले. संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत मोकळ्या नाहीत. 'अभंग तर तुकोबांचा आहे' म्हणून लताबाईंच्या रेकॉर्डवरची चाल उचलायची आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबचा क्लेम आला की रडायचं, याला अर्थ नाही. तुमच्या गावच्या भजनी मंडळाची परंपरागत चाल घ्या. ती तुम्हाला येते आणि बाकी जगाला माहीत नाही, याहून मोठं भांडवल कुठलं? धनगरी ओवी आहे, गजी ढोल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि त्यात इंदापूर तालुक्यातल्या बायकांचेही आवाज आहेत. ते ऐकावं, शिकावं; उचलून ट्रॅकवर चिकटवायचं असेल तर मात्र आधी विचारावं. नेटवरून घेतलेल्या तयार बीटचंही तेच. स्वस्तातला परवाना बहुधा सामाईक असतो. तोच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो आणि त्यातल्या कुणी आधी हक्क सांगितला तर तुमचं गाणं त्याच्या नावावर पैसे मिळवतं.

पैशाचं बोलायचं तर जरा कडू बोलावं लागेल. आपल्याकडचं गाणं सर्वांत जास्त वाजतं ते वरातीत. आणि लग्नाची वरात, लग्नातले इतर समारंभ, धार्मिक विधी यांत वाजलेल्या गाण्याला परवाना लागत नाही, अशी कायद्यातच सूट आहे. तेव्हा तुमच्या गाण्यावर सगळा तालुका नाचला तरी तिथून रुपया येणार नाही. (मला ती सूट योग्य वाटते. नवरदेवाच्या बापाकडून आधीच पुष्कळजण पैसे घेतात.) स्पॉटिफायने २०२४पासून नियम केलाय की बारा महिन्यांत हजारदा वाजलं नाही ते गाणं हिशेबातच धरायचं नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं. मग कमाई कुठली? सुपारीची. यात्रा, गणपती मंडळ, नवरात्र, जयंती. गाणं हे त्या सुपारीचं आमंत्रण. आणि स्टुडिओचं भाडं निघतं ते साहेबांच्या वाढदिवसाच्या गाण्यांवर आणि निवडणुकीतल्या प्रचारगीतांवर. तो पैसा रोख येतो आणि त्या गाण्यावर नाव आपलं नसलं तरच बरं वाटतं. पण गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासदत्व घेऊन ठेवावं. १९६९पासूनची संस्था आहे. रेडिओवर, टीव्हीवर, ऑनलाइन वाजल्याचे गीतकार-संगीतकाराचे पैसे तिथून येतात, आणि ज्याचं नाव नोंदीत नाही त्याला कुणी शोधत बारामतीला येत नाही.

पोस्टरची गोष्ट सांगायलाच हवी. गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे ते चढवताना चौकोनी चित्र लागतं, तीन हजार गुणिले तीन हजार पिक्सेलचं. त्यावर मोबाईल नंबर, सोशल मीडियाचे पत्ते, दुकानाचे लोगो चालत नाहीत. आपल्या पोरांनी फ्लेक्सच्या संस्कारात वाढून केलेलं कव्हर: मध्ये गायक गॉगल घालून, वर दोन पिढ्यांचे नेते, खाली शुभेच्छुक गोलात, कोपऱ्यात 'बुकिंगसाठी संपर्क'. ते परत येतं. मग तारीख चुकते, आणि तीच ती 'तांत्रिक अडचण'.

तारखेचंही तसंच. गाणं आदल्या रात्री चढवून सकाळी सगळीकडे दिसत नाही. तीन-चार आठवडे हातात ठेवून द्यावं. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे नवं गाणं मांडायचं तर किमान आठवडाभर आधी, आणि प्रसिद्ध झाल्यावर मांडताच येत नाही. आषाढीचं गाणं पालखी देहूतून हलायच्या आत लोकांच्या कानावर हवं, बारामतीत पोचल्यावर नव्हे. गणपतीचं गाणं मंडळांच्या बैठका चालू असताना. आणि कारखान्याचं गाळप ऐन भरात असताना प्रेमगीत काढू नये, निम्मे ऐकणारे ट्रॅक्टरच्या टेपवर दुसरंच काही लावून बसलेले असतात. हे शेवटचं माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे.

इथे कुणीतरी संजू राठोडचं उदाहरण देतो. जळगाव जिल्ह्यातला मुलगा, २०२४मध्ये 'गुलाबी साडी', आणि रातोरात देशभर. रातोरात कसलं! त्याआधी कितीतरी गाणी येऊन गेली होती, 'नऊवारी पाहिजे' चाललेलं होतं. शब्द, चाल आणि आवाज त्याचाच, संगीताची बाजू भाऊ जी-स्पार्ककडे. घरातल्या घरात सगळं असल्यामुळे गाणं कुणाचं हा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. मराठी शब्द, हाउस संगीताचा ठेका, आणि परदेशी कंपनी दारात. अशी कंपनी पहिला प्रश्न 'हे सगळं तुमचंच आहे ना, कागद दाखवा' असाच विचारणार. भिगवणच्या पोराला उद्या कुणी विचारलं तर तो व्हॉट्सॲपचं चॅट दाखवणार काय?

जाता जाता दोन गोष्टी. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४वर आहे. समुदाय रेडिओला निम्मा तरी कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने करावा लागतो. तिथे फाइल घेऊन जायला पैसे पडत नाहीत, तरी मुंबईच्या इन्फ्लुएन्सरला आधी पैसे देऊन मग 'रीच मिळाला नाही' म्हणणारे जास्त. दुसरी गोष्ट वितरकाची. बऱ्याच ठिकाणी वर्षाची वर्गणी असते आणि ती थकली की गाणं सगळीकडून खाली उतरतं. पुन्हा चढवताना आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक जुनाच द्यावा लागतो, तरच आधीचे आकडे जुळायची आशा. तो क्रमांक, मूळ वेव्ह फाइल, स्टेम्स म्हणजे सुटे ट्रॅक आणि तो फुलस्केप कागद, एवढं एका पेनड्राइव्हमध्ये आणि एका मेलमध्ये. वर्गणीची तारीख यात्रेच्या तारखांच्या शेजारी, त्याच कॅलेंडरवर. आणि हलगीवाल्याला त्याच्या नावासकट गाण्याची लिंक पाठवा. पुढची सुपारी बऱ्याचदा त्याच्याच ओळखीतून येते.