शर्यतीतला जामीनदार

रविवारी सकाळी पिरंगुटच्या आमच्या घराच्या गच्चीत चहा घेत बसलो, की पौड रस्त्यावरून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग दिसते. परवा अशाच एका रविवारी भाची आणि तिचा नवरा आले. त्यांना विजेवरची गाडी घ्यायची आहे. कर्ज किती काढावे, हप्ता किती बसेल, हे विचारायला बँकेत हयात घालवलेला मामा घरात होताच. बोलता बोलता जावईबापूंनी मोबाइलवरची एक जाहिरात पुढे केली आणि म्हणाले, "मामा, ही कंपनी शर्यती जिंकते. शर्यतीत टिकणारी गाडी घरी त्रास कशाला देईल?"

हा प्रश्न लाखो लोकांनी आपापल्या मनाशी विचारला आहे आणि त्याचे उत्तर गृहीत धरून पैसे मोजले आहेत. मला मात्र त्या क्षणी एक जुनी गाडी आठवली. तिची गोष्ट जर्मनीत सुरू होते आणि आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन थांबते.

फ्रान्समधील ल माँ या गावी १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. साडेतेरा किलोमीटरहून अधिक लांबीची फेरी, तीन चालक आळीपाळीने चाकावर, आणि शनिवारी दुपारी सुटलेली गाडी रविवारी दुपारपर्यंत धावती ठेवायची. तिथल्या सर्वांत वेगवान गाड्यांना प्रोटोटाइप म्हणतात. त्या दुकानात मिळत नाहीत. केवळ शर्यतीसाठी घडवल्या जातात. उद्देश असा, की आज तिथे तावून सुलाखून निघालेले तंत्र उद्या आपल्या गाडीत यावे.

डिसेंबर २००५ मध्ये आउडी कंपनीने 'आर १० टीडीआय' नावाची अशी एक प्रोटोटाइप लोकांपुढे आणली, तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या. ती डिझेलवर चालणारी होती. डिझेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? नदीकाठचे ऑईल इंजिन, एसटी आणि ट्रॅक्टर. जड, धूर ओकणारे, पण कमी तेलात इमानाने राबणारे यंत्र. त्याला शर्यतीत उतरवायचे म्हणजे नांगराच्या बैलाला घोड्यांच्या मैदानात सोडण्यासारखे होते.

इंजिनिअरांनी तो बैल धावता केला. साडेपाच लिटरचे, बारा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे इंजिन. त्याचा ठोकळा वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचा. ताकद साडेसहाशे अश्वशक्तीहून अधिक. काजळी अडवायला गाळण्या बसवलेल्या. आवाज इतका कमी, की चालकांना इंजिनापेक्षा वारा जास्त ऐकू येई. नियमही डिझेलला उदार होते. पेट्रोलच्या टर्बो गाड्यांपेक्षा मोठे इंजिन त्याला चालत असे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंगची बारा तासांची शर्यत या गाडीने पदार्पणातच जिंकली. जूनमध्ये ल माँची शर्यत जिंकणारी ती पहिली डिझेल गाडी ठरली. चोवीस तासांत ३८० फेऱ्या, म्हणजे पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर. २००७ आणि २००८ सालीही तीच जिंकली. २००८ साली तर प्यूजो कंपनीच्या डिझेल गाड्या तिच्याहून वेगवान होत्या. पण पाऊस आला आणि आउडीने बाजी मारली. २००६ ते २०१४ अशी सलग नऊ वर्षे ल माँची शर्यत डिझेलने जिंकली. त्यांतली आठ आउडीची, एक प्यूजोची.

या गाडीशी आपले एक हळवे नातेही आहे. २००९ साली कंपनीने नवी गाडी आणली आणि जुन्या आर १० कोलेस नावाच्या खासगी संघाकडे गेल्या. त्यांपैकी एकीवर कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयनची निवड झाली होती. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला तो पहिला भारतीय. आता ल माँमध्येही पहिला ठरणार, अशी आशा होती. शर्यतीच्या थोडे आधी पिटच्या भिंतीवरून उतरताना तो पडला, खांदा दुखावला, आणि गाडी त्याच्याविना सुटली. उरलेल्या दोघांनी ती चालवून सातवा क्रमांक मिळवला. त्या दोघांतला आंद्रे लॉटरर पुढे आउडीच्या मुख्य संघात गेला आणि तीन वेळा ल माँ जिंकला. ल माँमध्ये धावणारा पहिला भारतीय होण्याचा मान २०१२ साली चेन्नईच्या करुण चंढोकला मिळाला; त्याची गाडी सहावी आली.

याच काळात आपल्याकडे डिझेल मोटारींची लाट आली होती. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, आणि २०१२-१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. 'टीडीआय' ही अक्षरे पाठीवर मिरवणारी गाडी सोसायटीत आली, की शेजारी वळून पाहत.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आउडीची पालक कंपनी फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल मोटारींच्या संगणकात असे सॉफ्टवेअर होते, की आपली तपासणी चालू आहे हे गाडीला कळे. तपासणीच्या वेळी गाडी रोलरवर उभी असते. चाके फिरतात, स्टीअरिंग मात्र हलत नाही. एवढ्यावरून गाडी ओळखत असे आणि शहाण्या मुलासारखी वागत असे. रस्त्यावर आली, की नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर टाकी. हे वायू श्वासनलिकेला जाचतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो. ते रोखायचे तर खर्च वाढतो, सोय कमी होते. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. हा सुगावा लागला होता वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या पथकाला. गाडीच्या डिकीत उपकरणे ठेवून त्यांनी ती सरळ रस्त्यावर चालवली, इतकेच. त्या पथकात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय होते.

ती बातमी वाचताना मला माझी मुळशीतली नोकरी आठवली. ऑईल इंजिनासाठी कर्ज दिले, की ते खरोखर घेतले का, हे पाहायला आम्ही अधिकारी शेतावर जात असू. एका दुपारी नदीकाठच्या तीन शेतांवर तीन इंजिने पाहिली. तिसऱ्या ठिकाणी इंजिनाच्या टाकीवरचा पोचा ओळखीचा वाटला. सकाळपासून एकच इंजिन बैलगाडीतून माझ्या पुढे पुढे चालले होते! मी कधी येणार हे साऱ्या गावाला ठाऊक होते, त्यात त्यांचा काय दोष? आणि आमची बँक तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? ३१ मार्चला ठेवी फुगायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरायच्या. तपासणीची वेळ आणि जागा आधी कळली, की माणूस तेवढ्यापुरता सज्जन होतो. जर्मन इंजिनिअरांनी ही कला संगणकाला शिकवली, एवढेच.

ही गोष्ट पुण्यापर्यंत आली. चांदणी चौक ओलांडून कोथरूडकडे उतरताना डावीकडे वेताळ टेकडी लागते. तिथे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे. २०१५ साली तिने फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या प्रयोगशाळेत आणि रस्त्यावर तपासल्या आणि दोन्हींतला फरक सरकारपुढे मांडला. त्या डिसेंबरात कंपनीने भारतातील तीन लाख तेवीस हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. या समूहाचा एक कारखाना आमच्याच जिल्ह्यात, चाकणला आहे. कंपनीचे म्हणणे असे, की रस्त्यावरच्या उत्सर्जनाला भारतात तेव्हा मर्यादाच नव्हती, मग नियम मोडला कुठे? मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला. नंतर सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील सक्तीची कारवाई थांबवली. आउडीने २०१६ च्या अखेरीस ल माँचे मैदान सोडले. एप्रिल २०२० मध्ये नवे प्रदूषण-नियम लागू होताच समूहाने भारतात डिझेल मोटारी विकणे थांबवले. जून २०२३ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने आउडीच्या माजी प्रमुखांना स्थगित तुरुंगवास आणि दंडाची शिक्षा दिली.

आता जावईबापूंच्या प्रश्नाकडे येऊ. आर १० ने ल माँमध्ये कुणाला फसवले नाही. चोवीस तासांचा रस्ता फसत नाही. तिथे दुसऱ्याचे इंजिन दाखवून भागत नाही. पण शर्यतीने तिला प्रश्न विचारला तो वेगाचा, तेलाचा आणि टिकाऊपणाचा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्न शर्यतीच्या नियमपुस्तकात नव्हता. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर आर १० ही भली जामीनदार होती. तिची सही एका कर्जावर होती आणि लोकांनी ती दुसऱ्याच कर्जावर असल्याचे मानले. जामीनदार कितीही सचोटीचा असला, तरी कर्जदाराची पत वेगळी तपासावी लागते.

सुदैवाने तपासणी थोडी शहाणी झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरची उत्सर्जन चाचणीही द्यावी लागते. अधिकारी न सांगता शेतावर येऊ लागला, असे म्हणा ना. विजेच्या गाडीला धूर नाही, पण प्रश्न तोच आहे. एका चार्जिंगमध्ये ती इतके किलोमीटर जाईल, हा प्रमाणित आकडा रोलरवरचा असतो. रोलरला ताम्हिणीचा चढ नसतो, हिंजवडीचे ट्रॅफिक नसते आणि मे महिन्यातला एसीही नसतो.

भाचीला मी एवढेच सांगितले, की हप्ता बसतो आहे, तेव्हा गाडी जरूर घ्या. पण कंपनीच्या कपाटातले करंडक पाहू नका. तीच गाडी वर्षभर वापरलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याच्या घरी चहाला जा आणि उन्हाळ्यात, घाटात, चौघे बसून ती किती जाते ते विचारा. शोरूमवाल्याला म्हणावे, आम्हाला ताम्हिणीपर्यंत चक्कर मारू द्या.

जावईबापू हसले. पुढल्या रविवारी ते चक्कर मारायला गाडी घेऊन येणार आहेत. मागच्या सीटवर मीही बसणार आहे. तपासणीची जुनी सवय आहे. आणि या वेळी कोणत्या रस्त्याने जायचे, ते मी आधी सांगणार नाही.